आयोवा नदी, कोरलव्हिलचं धरण आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या पुरांबद्दल थोडक्यात लिहिलं होतं, २००८ ला आयोवा सिटी आणि शेजारचं सीडर रॅपिड्स कसं पाण्याखाली गेलं त्याबद्दल. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त सांगली-कोल्हापूरची आहेत, आणि ते साहजिकच आहे, पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरलंय त्यांना दुसऱ्याच्या पुराबद्दल लगेच प्रश्न पडतात. जमतील तेवढे घेतोय.

माझा मुलगा आयोवा सिटीत युनिव्हर्सिटीत शिकतो. त्यानं एका साइटची लिंक पाठवली, त्यात नदीचे दोन ग्राफ दिसतात, एक फुटात आणि एक क्युसेकमध्ये. आम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे फूट बघणारी माणसं. यातलं नेमकं काय बघायचं? (सांगली)

काका, फूटच बघा, पण क्युसेकचा ग्राफ समजून घ्या, कारण पुढे काय होणार ते त्यात आधी कळतं.

फुटाचा आकडा म्हणजे पाण्याची पातळी, आणि ती एका ठरवलेल्या शून्यापासून मोजलेली असते. ते शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, त्यामुळे २२ फूट लिहिलंय म्हणजे नदी २२ फूट खोल आहे असं समजू नका. जसं आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी आहे तसं आयोवा सिटीत २२ फुटांना पूर आला असं धरतात. पण आयर्विनच्या ४५ ची तिथल्या २२ शी तुलना करू नका, दोन्हीकडचं शून्य वेगळं आहे. १९९३ ला ही नदी साडेअठ्ठावीस फुटांवर गेली होती आणि १५ जून २००८ ला ३१.५३ फुटांवर, तो आजपर्यंतचा विक्रम आहे.

क्युसेक म्हणजे विसर्ग, दर सेकंदाला किती घनफूट पाणी चाललंय ते, १ क्युसेक म्हणजे साधारण २८ लिटर. हे एकक तिथेही तेच आहे, फक्त ते लोक त्याला सीएफएस म्हणतात, त्यामुळे कोयनेचा आकडा आणि आयोवा सिटीच्या वर असलेल्या कोरलव्हिल धरणाचा आकडा तुम्ही सरळ शेजारी ठेवून बघू शकता. आयोवा सिटीत एरवी हजार-दोन हजार क्युसेक वाहतं, २००८ ला ४१,१०० होतं.

आता विसर्ग रोज कोणी नदीत उतरून मोजत नाही हं. यंत्र फक्त पातळी मोजतं, दर पंधरा मिनिटांनी. पण भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, म्हणजे यूएसजीएसची माणसं वर्षभर मधूनमधून नदीवर जाऊन वेग आणि खोली मोजतात, भर पुरात सुद्धा बोटीवरून किंवा पुलावरून ध्वनिलहरींचं यंत्र पाण्यात सोडून मोजतात, आणि त्यावरून एक वक्ररेषा तयार करतात की अमुक फूट पातळी म्हणजे अमुक क्युसेक. नदीनं तळ खरवडला किंवा गाळ टाकला की ती रेषा बदलावी लागते, म्हणून हे काम कधी संपतच नाही. आयोवा सिटीतली नोंद १९०३ पासूनची आहे. शंभराहून जास्त वर्षांची सलग नोंद असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, पुराचे सगळे अंदाज, पुलांच्या उंच्या, विम्याचे नकाशे, सगळं या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदीवर उभं आहे, आणि अशा केंद्रांचे पैसे कापायची भाषा कुठेही झाली की मला फार वाईट वाटतं.

अजून एक, तिथे कामं वाटलेली आहेत. मोजायचं यूएसजीएसनं, अंदाज द्यायचा हवामान खात्याच्या नदी केंद्रानं (या भागासाठी ते मिनेसोटात चॅनहॅसनला आहे) आणि धरणातून पाणी सोडायचं लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरनं. मुलाला सांगा, साइटवर अंदाजाची रेषा पण असते, ती बघत जा.

शहराच्या वर फक्त काही मैलांवर एवढं धरण असताना २००८ ला आयोवा सिटी बुडलीच कशी? धरण पूर रोखायलाच बांधलं होतं ना? (नेपरव्हिल, शिकागोजवळ)

हाच खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर जरा सावकाश देतो.

हो, कोरलव्हिलचं धरण पुरासाठीच बांधलंय. १९३८ च्या पूरनियंत्रण कायद्यात त्याला मंजुरी मिळाली, १९४९ ला काम सुरू झालं, मध्ये कोरियाच्या युद्धामुळे रखडलं आणि १९५८ ला पूर्ण झालं. त्याच्या वरचं पाणलोट क्षेत्र ३,११५ चौरस मैल, म्हणजे आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर. एरवी तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून ६८३ फुटांच्या आसपास ठेवतात आणि सांडवा आहे ७१२ फुटांवर. मधली जी जवळपास २९ फूट रिकामी उंची आहे, तेच पूरनियंत्रण. बाकी भिंत, दरवाजे, काँक्रीट हे सगळं ती रिकामी जागा सांभाळण्यासाठी आहे. ही जागा ढोबळमानाने ४ लाख एकर-फूट, आपल्या भाषेत १७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास.

आता गणित करून बघा. वरून ४०,००० क्युसेक येतंय आणि तुम्ही खाली १०,००० सोडताय, म्हणजे ३०,००० साठतंय. पूर्ण रिकामं असलेलं धरण सुद्धा या हिशोबानं साडेसहा-सात दिवसांत भरतं. आणि २००८ ला ते रिकामं नव्हतंच. त्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला होता, वसंतात जमीन चिंब होती, मे अखेरपासून पावसाच्या सरीवर सरी आल्या, एक पाणी ओसरायच्या आत दुसरं आलं. १० जूनला पाणी सांडव्यावरून वाहायला लागलं आणि १५ जूनला तलाव ७१७ फुटांवर, सांडव्याच्या वर पाच फूट.

आणि एकदा सांडव्यावरून गेलं की माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही, कारण या सांडव्याला दरवाजेच नाहीत. ५०० फूट रुंद काँक्रीटची कड आहे, त्यावरून जेवढं जाईल तेवढं जाईल. शिवाय धरणाच्या खाली क्लिअर क्रीकसारखे ओढे नदीला मिळतात, त्यांच्यावर धरणाचा काहीच ताबा नाही.

मग लोक चिडले, आधी का नाही सोडलं पाणी, एप्रिल-मे मध्ये का नाही रिकामं केलं. हा राग मी समजू शकतो. पण त्या वेळच्या नियमावलीत मे पासून, म्हणजे पेरणी झाल्यावर, नेहमीच्या परिस्थितीत ६,००० क्युसेकच्या वर सोडायचं नाही असं होतं, कारण खाली नदीकाठी मक्याची-सोयाबीनची शेतं आहेत आणि त्याहून जास्त सोडलं की ती बुडतात. हिवाळ्यात ही मर्यादा १०,००० होती. त्याशिवाय खालच्या लोन ट्री आणि वापेलो या गावांपाशी नदी किती आहे, आणि मिसिसिपी किती भरलीय तेही बघायचं असायचं. म्हणजे शहर वाचवायला शेतकऱ्याचं पीक दर वर्षी थोडं थोडं बुडवायचं, की पीक वाचवून पंधरा-वीस वर्षांतून एकदा शहराचा धोका घ्यायचा, हा निर्णय होता आणि तो कागदावर आधीच झालेला होता. पुराच्या रात्री गेटवर बसलेल्या माणसाला शिव्या देऊन उपयोग नाही, नियम ठरतो तेव्हा लोकांनी तिथे असायला हवं. नियमावलीच्या सुधारणेवर नंतर जाहीर चर्चा झाल्या, पण अशा सभांना पूर ताजा असेपर्यंतच गर्दी असते हे मला खटकतं.

माझं मत विचाराल तर धरणानं बरंच काम केलंय. १९५८ नंतर कितीतरी मध्यम पूर शहराला कळले पण नाहीत, १९९३ आणि २००८ हे दोनदाच पाणी सांडव्यावरून गेलं. पण त्याच न कळलेल्या पुरांमुळे नदीकाठी बिनधास्त बांधकामं झाली. युनिव्हर्सिटीचं हँचर सभागृह, संगीत विभाग, कला संग्रहालय सगळं अगदी काठावर होतं. २००८ ला वीसेक इमारतींत पाणी गेलं. विद्यार्थी, प्राध्यापक, गावातले लोक माणसांची साखळी करून मुख्य ग्रंथालयाच्या तळघरातली पुस्तकं वर नेत होते, वाचताना आजही अंगावर काटा येतो. हँचर नंतर उंचावर नव्यानं बांधलं, ते २०१६ ला उघडलं, आणि कला संग्रहालयाला स्वतःची इमारत मिळायला २०२२ उजाडलं. चौदा वर्षं!

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. आपल्याकडे ऑगस्टअखेर धरण भरलं नाही तर लोक विचारतात, तिकडे भरलं तर विचारतात. आपल्याला त्यांच्यासारखं धरण रिकामं ठेवणं शक्य आहे का? (कोल्हापूर)

साहेब, तुम्ही मला शिकवायला हवं, पण विचारलंय म्हणून लिहितो.

मूळ फरक हेतूचा आहे. कोयना १०५ टीएमसीची, कोरलव्हिलच्या कितीतरी पट मोठी, पण ती वीज आणि पाण्यासाठी आहे. आपला पाऊस चार महिन्यांत पडतो आणि बाकी आठ महिने त्यावर काढायचे असतात, म्हणून ऑक्टोबरपर्यंत भरलेलं धरण हे यश. आयोवात पाऊस थोडाफार वर्षभर असतो, शेती बहुतेक पावसावरच होते, त्यामुळे तलाव वर्षभर जवळपास खाली ठेवला तरी कोणाचं पीक वाळत नाही. त्यांची पद्धत उचलून जशीच्या तशी आणता येणार नाही.

पण एक गोष्ट आणता येईल असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे कुठल्या तारखेला किती जागा रिकामी, किती फुटांवर किती क्युसेक, हे आधी लिहिलेलं आणि लोकांना बघायला खुलं असतं. आपल्याकडेही परिचालन सूची असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, पण पूरग्रस्त गावातल्या माणसाला ती कधी बघायला मिळते? राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात म्हणून कोल्हापुरात निदान सगळ्यांना कळतं की आता धरण भरलं, आता पंचगंगेला पाणी येणार. बाकी धरणांचा विसर्ग किती आणि तो आपल्या घाटावर किती तासांनी येणार हे लोक व्हॉट्सॅपवर शोधत बसतात.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पूर येतो का, असं पण अनेकांनी विचारलंय. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला त्या पुराचं कारण मानलं नाही, तरी वाद चालू आहे, आणि त्यात या सदरातून निकाल देणं बरोबर नाही. एवढंच म्हणेन की एवढ्या पाण्यापुढे कुठल्याही एका धरणाची रिकामी जागा काही दिवसांचीच असते, कोरलव्हिलचं गणित वर केलंय तसं कोयनेचं तुम्ही स्वतः करून बघा. १ टीएमसी म्हणजे दिवसभर सलग ११,५७४ क्युसेक, हा आकडा तुम्हाला पाठच असेल.

सीडर रॅपिड्सला नोकरी लागलीये, घर घ्यायचंय. एजंट म्हणतो घर १०० वर्षांच्या पुररेषेच्या बाहेर आहे, ५०० वर्षांच्या आत आहे, विमा सक्तीचा नाही, काळजी नको. घेऊ का? (सीडर रॅपिड्स)

घर घ्या की नको ते मी नाही सांगणार, पण विमा घ्या.

१०० वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांनी एकदा येणारा नव्हे, दर वर्षी एक टक्का शक्यता असलेला. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के निघते, म्हणजे चारात एकापेक्षा जास्त. ५०० वर्षांचा म्हणजे दर वर्षी ०.२ टक्के, तीस वर्षांत जवळपास ६ टक्के. आणि तुमच्या गावात काय झालं ते शेजाऱ्यांना विचारा. २००८ च्या आधी तिथला विक्रम २० फुटांचा होता, १८५१ आणि १९२९ चा. १३ जून २००८ ला सीडर नदी ३१.१२ फुटांवर गेली, जुन्या विक्रमाच्या अकरा फूट वर, विसर्ग १,४०,००० क्युसेक. पाणी ५०० वर्षांच्या रेषेच्याही बाहेर गेलं, शहराचा १४ टक्के भाग बुडाला, पाच हजारांवर घरांत पाणी. नगरपालिका नदीतल्या बेटावर होती, ती पण बुडाली. सीडरवर वर कोरलव्हिलसारखं पूरनियंत्रणाचं धरणच नाही.

सप्टेंबर २०१६ ला परत २२ फुटांच्या आसपास पाणी आलं, पण तेव्हा लोकांनी थोड्या दिवसांत मैलोन् मैल वाळू भरलेल्या जाळीच्या पेट्यांची तात्पुरती भिंत उभी केली आणि शहर बऱ्यापैकी वाचलं. आता दोन्ही काठांना कायमच्या भिंती, बांध, सरकते दरवाजे बांधायचं काम टप्प्याटप्प्यानं चालू आहे. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, केंद्र सरकारच्या खर्च-फायद्याच्या गणितात फक्त पूर्व काठ बसत होता, कारण पश्चिमेची घरं स्वस्त, वाचवली तरी डॉलरमध्ये फायदा कमी दिसतो. शहरानं ते मानलं नाही, राज्याचे पैसे मिळवून दोन्ही काठ वाचवायचे ठरवलं. घर बघताना ते कुठल्या टप्प्यात येतं आणि तिथलं काम झालंय का हे शहराच्या ऑफिसात विचारा.

विम्याचं म्हणाल तर नेहमीच्या घरविम्यात पूर नसतो, वेगळा घ्यावा लागतो आणि सहसा घेतल्यावर ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे अंदाज ऐकून धावपळ करून उपयोग नाही. तळघरातल्या सामानाला त्यात फारच कमी संरक्षण असतं. गटाराचं पाणी तळघरात उलटं आलं तर त्याचं कलम घरविम्यात वेगळं जोडावं लागतं, ते नक्की विचारा, बऱ्याच जणांना नंतर कळतं.

तिकडचे शेतकरी जमिनीखाली पाईप घालून पाणी काढून टाकतात असं वाचलं. त्यामुळेच पूर येतात का? (शिरोळ)

शिरोळच्या माणसाला पाईप निचरा काय ते मी सांगायला नको, तुमच्याकडे क्षारपड जमिनी सुधारायला सच्छिद्र पाईप घालतात तेच तंत्र. फरक एवढा की तुम्ही जास्त पाणी दिल्यानं वर आलेलं मीठ काढायला घालता, त्यांनी मुळातली पाणथळ जमीन पिकाखाली आणायला घातले. उत्तर-मध्य आयोवा हिमनदीनं सपाट केलेला प्रदेश, सगळीकडे उथळ डबकी आणि दलदल, दीडशे वर्षांपूर्वी तिथे बैलगाडी रुतायची. आधी भाजलेल्या मातीच्या नळ्या, आता प्लास्टिकचे पाईप, तीन-चार फूट खोल, आणि ते सगळे सरळ खणलेल्या चरांत सोडलेले. राज्यातली मूळची पाणथळ जवळजवळ सगळी संपली.

पूर त्यामुळेच येतो का, याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. साध्या पावसात निचरा झालेल्या जमिनीत जागा असते, ती पाणी पिते आणि वरून धावणारं पाणी कमी होतं. पण आठवडाभर पाऊस लागून राहिला की जमीन भरते, मग पाईप आणि सरळ चर पाणी झपाट्यानं नदीत आणतात, आणि पूर्वी जी डबकी ते पाणी आठवडेच्या आठवडे धरून ठेवायची ती आता नाहीत. २००८ सारख्या पुरात मुख्य कारण पाऊसच होता हे मात्र स्पष्ट आहे. पाईपाचं दुसरं नुकसान जास्त ठळक आहे, खताचं नायट्रेट थेट नदीत जातं आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचतं.

२००८ नंतर तिथे एक चांगलं झालं. २००९ ला राज्याच्या पैशांनी युनिव्हर्सिटीत आयोवा फ्लड सेंटर सुरू झालं, त्यांनी दोनशेहून जास्त पुलांखाली पातळी मोजणारे सेन्सर लावले, छोट्या ओढ्यांवर सुद्धा, आणि सगळी माहिती नकाशावर कोणालाही फुकट दिसते. २०१६ ला केंद्र सरकारकडून जवळपास ९.७ कोटी डॉलर मिळाले आणि नऊ खोऱ्यांत शेतकऱ्यांच्या जमिनीवर छोटे तलाव, पाणथळी परत करायचं काम झालं, वर सांगितलेल्या क्लिअर क्रीकच्या खोऱ्यात पण. एका शेततळ्यानं नदीचा पूर कमी होत नाही, पण लगतच्या खालच्या पुलाला आणि गावाला फरक नक्की पडतो.

आम्ही आयोवाला आजी-आजोबांबरोबर गेलो होतो तेव्हा धरणाजवळ दगडात शिंपले दिसले. ते पुरात वाहून आले का? (इयत्ता सातवी, पुणे)

नाही, ते तिथेच होते, फक्त झाकलेले! १९९३ ला सांडव्यावरून २८ दिवस पाणी वाहिलं, त्यानं खालचा रस्ता, झाडं, कॅम्पिंगची जागा, माती सगळं खरवडून नेलं आणि खाली चुनखडीचा खडक उघडा पडला. तो ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ आहे, तुला दिसले ते त्या समुद्रातले प्रवाळ, शिंपले आणि फुलासारखे दिसणारे क्रिनॉइड नावाचे प्राणी. त्याला डेव्होनियन फॉसिल गॉर्ज म्हणतात. २००८ च्या पुरानं त्यात अजून थोडी भर घातली. दगड उचलून आणायला बंदी आहे, फोटो काढले असशील तर मला पाठव.

हिवाळ्यात मुलगा म्हणाला पाऊस नाही तरी नदी अचानक फूटभर वर गेली. धरणातून सोडलं का? (पहिल्या पत्रातलेच सांगलीचे काका)

सोडलेलं असू शकतं, पण आधी बर्फाची शंका घ्या. नदी गोठते तेव्हा बर्फामुळे पाण्याला वाट कमी राहते, पातळी वर चढते पण विसर्ग वाढलेला नसतो. म्हणजे फुटावरून क्युसेक काढायची ती वक्ररेषा त्या दिवसांत चालत नाही, म्हणून थंडीत बऱ्याचदा साइटवर क्युसेकच्या जागी नुसतं बर्फ असं लिहिलेलं येतं. बर्फाचे तुकडे पुलाच्या खांबाला अडकून साचले तर खरंच पूर येऊ शकतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडी मोडताना तेवढं लक्ष ठेवायचं. आणि धरणातून किती सोडताहेत ते रॉक आयलंडच्या इंजिनिअर्स ऑफिसच्या साइटवर रोज लिहिलेलं असतं, मुलाला म्हणावं ते पान पण सेव्ह करून ठेव.